साम्राज्यप्रवेशिका: घरकोंबड्या राष्ट्रांसाठी

ज्या राष्ट्राची कोठारे भरली आहेत, बंदरात गलबतांना जागा पुरत नाही आणि तरीही रोज संध्याकाळी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, अशा राष्ट्रासाठी ही प्रवेशिका आहे. पूर्वानुभवाची अट नाही. उलट आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी आपली ख्याती असेल, तर प्रवेश लवकर मिळेल. लोक अशा राष्ट्रावर पहिली काही वर्षे विश्वास ठेवतात, आणि अभ्यासक्रमाला तेवढीच वर्षे लागतात.

वर्ग नाशकात भरतील. लंडन किंवा वॉशिंग्टन का नाही, असे काही उमेदवार विचारतात. तिथे साम्राज्यावरची पुस्तके उत्तम मिळतात, पण सगळी निघालेल्यांनी लिहिलेली. नाशकाने निघालेलेही पाहिले आणि आलेलेही. शक आले, त्यांना हुसकावणारे सातवाहन आले, मोगलांनी गावाला गुलशनाबाद म्हटले, पेशव्यांनी ते पुन्हा नाशिक केले, मग इंग्रज आले. शिवाय ज्याच्या फौजा अटकेपर्यंत जाऊन आल्या तो गृहस्थही इथलाच, गंगापूर रोडचा रहिवासी. प्रात्यक्षिकाच्या बहुतेक जागा रिक्षाने एका दिवसात होतात. त्र्यंबकला तेवढी बस पकडावी लागेल.

पाठ पहिला: आधी साफ नकार द्यावा

नवशिके इथेच चुकतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी "आम्हाला राज्य हवे" असे बोलून बसतात. तसे कधीही बोलू नये. आपल्याला कुणाची इंचभर जमीन नको, हे आधी मोठ्याने सांगावे. शक्य असेल तर कायद्यात लिहावे.

या विषयात इंग्रजांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती व्यापारासाठी. जहांगीरच्या दरबारात आलेला वकील टॉमस रो याने मालकांना बजावले होते की किल्ले आणि शिबंदी हा नफा खाणारा उद्योग आहे. पोर्तुगीज आणि डच त्यातच बुडाले. तुम्ही समुद्रावर राहा आणि मुकाट्याने व्यापार करा. सल्ला शहाणपणाचा होता. कंपनीने तो मोडून १६८६ मध्ये थेट औरंगजेबाशी लढाई काढली, सपाटून मार खाल्ला आणि १६९० मध्ये दीड लाख रुपये दंड भरून माफी मागितली. उमेदवाराने नापास झाल्यावर काय करावे, याचा हा नमुना आहे: दंड भरावा, वाकून मुजरा करावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरावा.

पण खरी करामत १७८४ ची. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला की हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याच्या आणि राज्य वाढवण्याच्या योजना या राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध, इभ्रतीविरुद्ध आणि धोरणाविरुद्ध आहेत. कुणाला शंका राहू नये म्हणून १७९३ च्या कायद्यात तेच पुन्हा लिहिले. हा कायदा अंगावर असताना १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण घेतले, १८०३ मध्ये दिल्ली घेतली आणि एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेल तोफा ओढत त्र्यंबकच्या किल्ल्याखाली येऊन उभा राहिला. किल्ला पडला. त्याची धास्ती घेऊन आसपासचे किल्ले पटापट खाली झाले. इभ्रतीविरुद्ध असलेली गोष्ट इतक्या शिस्तीत केलेली दुसरीकडे पाहायला मिळणार नाही.

आपल्याकडे हा पाठ नीट झाला नाही. शाहूमहाराजांच्या दरबारात श्रीपतराव प्रतिनिधी म्हणत होते की आधी दख्खन सावरू, घर पक्के करू; तरुण बाजीराव म्हणत होते की मोगलाईचे खोडच तोडू. बाजीरावांचे वक्तृत्व चढले आणि घोडी उत्तरेला सुटली, असे बखरी सांगतात. वाद चोख झाला, पण उघड दरबारात झाला. सगळ्या हिंदुस्थानाला कळले की हे लोक येणार आहेत. इंग्रज येताहेत हे मात्र येऊन पोचल्यावरही कुणाला नक्की सांगता येत नव्हते.

पाठ दुसरा: मित्र संकटात सापडलेला असावा

घराबाहेर पडायला निमित्त लागते, आणि निमित्तांत संकटातल्या मित्रासारखे निमित्त नाही. त्यासाठी पांडवलेण्यांवर जावे. पायऱ्या बऱ्याच आहेत. पाणी जवळ ठेवावे. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात शक राजा नहपान याचा जावई उषवदात याने कोरून ठेवले आहे की स्वामींच्या आज्ञेवरून तो पावसाळ्यात मालयांनी कोंडलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडवायला गेला. मालय म्हणे नुसत्या गाजावाजानेच पळाले. त्यानंतर तो पुष्करला गेला, स्नान केले आणि तीन हजार गाई व एक गाव दान दिले.

हा मजकूर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि परराष्ट्र खात्याला आजही यात एक शब्द बदलावा लागणार नाही. मित्राने बोलावले. आम्ही गेलो. शत्रू पळाला. आम्ही दान केले. मालयांची बाजू कोरायला त्या भिंतीवर जागा उरलेली नाही.

अमेरिकेने हा पाठ १८९८ मध्ये केला. त्याआधी शंभरएक वर्षे ते राष्ट्र आदर्श घरकोंबडे होते. वॉशिंग्टनने १७९६ मध्ये जाता जाता सांगून ठेवले होते की परक्यांशी व्यापार करा, कायमच्या सोयरिकी करू नका. १८९० च्या खानेसुमारीत समजले की पश्चिमेकडची मोकळी सरहद्द संपली (मोकळी म्हणजे जिथल्या मूळ रहिवाशांना मोजायचे नव्हते ती). त्याच वर्षी महान नावाच्या नौदल अधिकाऱ्याचे समुद्रसत्तेवरचे पुस्तक आले. आडनाव त्याचे खरोखरच महान होते. आठ वर्षांनी हवानाच्या बंदरात 'मेन' या युद्धनौकेचा स्फोट झाला, अडीचशेहून अधिक खलाशी गेले, आणि स्पेनच्या जाचातून क्यूबाला सोडवायला अमेरिका निघाली. पहिली मोठी लढाई झाली ती मनिलाच्या उपसागरात. क्यूबाच्या मदतीला निघालेला माणूस फिलिपिन्सला कसा पोचतो, हे भूगोलाच्या मास्तरांना विचारू नये. दोन कोटी डॉलरला स्पेनने फिलिपिन्स देऊन टाकले. वाटेत हवाई बेटेही जोडून घेण्यात आली. तहाला सिनेटमध्ये ५७ विरुद्ध २७ मते पडली, म्हणजे लागत होती त्यापेक्षा एकच जास्त. फिलिपिनो लोकांचे मत घ्यायचे राहून गेले. ते त्यांनी १८९९ पासून बंदुकीने नोंदवायला सुरुवात केली.

पाठ तिसरा: सद्गुण कोरून ठेवावेत

लेण्यांतून लगेच खाली उतरू नये. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाला बुडवले. नातू पुळुमावी राज्यावर असताना आजीने मुलाची स्तुती कोरवून घेतली. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, तो क्षहरातांचा वंश निःशेष करणारा होता, असे त्यात आहे. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायची त्याला आवड नव्हती, असेही आहे. दोन्ही वाक्ये एकाच लेखात, एकाच दगडावर. वंश निःशेष करावा आणि जीव घेण्याची आवड नसावी, हे ज्याला एका दमात म्हणता येते तो या अभ्यासक्रमातला गुणवंत.

शकांनीही दानात कुचराई केली नव्हती. उषवदाताच्या खात्यावर तीन लाख गाई, तापीसह सहा नद्यांवर फुकट नावा, आणि इथल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची ठेव जमा आहे. ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून भिक्षूंना चीवरे. आजच्या पतसंस्थांच्या मानाने व्यवहार फारच स्वच्छ. पण त्याच सुमारास भडोच हे नहपानाचे बंदर होते, आणि कल्याणला चुकून लागणारी ग्रीक जहाजे पहारा देऊन भडोचला नेली जात, असे त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत आहे. व्यापार एका हाताने ओढावा आणि दान दुसऱ्या हाताने करावे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचे तर आधी हलवाई ताब्यात घ्यावा लागतो.

१९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतला होता. नाणे वितळवायचे नाही, नवी चांदी आणायची नाही. जुन्या राजाच्या तोंडावर आपला शिक्का हाणायचा आणि बाजारात पुन्हा सोडायचे. काही नाण्यांवर ठशाखालून नहपान अजून डोकावतो. सत्तांतराचा खर्च कमी कसा ठेवावा, हे शिकायचे तर नव्या सरकारांनी ही नाणी जरूर पाहावीत.

पाठ चौथा: घरी काय आणावे

मोजके आणावे आणि दिसेल तिथे टांगावे. रामकुंडाजवळ गोदेच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे, तिथली घंटा पाहावी. ही पोर्तुगीजांची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा हत्तींवर घालून देशभर नेल्या. महाराष्ट्रात कितीतरी देवळांत त्या आजही वाजतात. म्हणजे पोर्तुगीज समुद्र ओलांडून आले, घंटा ओतली, चर्चमध्ये लावली. आणि ती शंकराच्या दारात लागली. कुणाचा आवाज फार चढला तर जुने नाशिककर त्याला अजून नारोशंकराची घंटा म्हणतात. या पाठात आम्ही मराठ्यांना उत्तीर्ण केले आहे.

पाठ पाचवा: माणसांची ने-आण

समुद्रापलीकडे राज्य करायचे म्हणजे माणसे बोटीने न्यावी आणि बोटीने आणावी लागतात. इंग्रजांनी त्यासाठी देवळालीला छावणी टाकली. मुंबईला उतरलेले गोरे शिपाई आगगाडीने घाट चढून इथे येत आणि पुढे पांगत. मुदत संपलेले परत इथेच येऊन बोटीची वाट पाहत. बोटी सुटत थंडीच्या मोसमात. ज्याची मुदत नेमकी त्यानंतर संपे, त्याने देवळालीत उन्हाळा काढायचा, पावसाळा काढायचा. काम नाही, शत्रू नाही, हातात बंदूकही नाही. डास, दारू आणि ताप मुबलक. कित्येकांचे डोके फिरले, आणि इंग्रजीत त्या फिरण्याला देवळालीचेच नाव पडले. नकाशा रंगवताना रंगाऱ्यांच्या परतीची सोय आधी करावी, एवढी सूचना पुरे.

छावणीला लागून भगूर नावाचे गाव आहे. त्याचा उल्लेख पुढे अडचणींत येईल.

वारंवार येणाऱ्या अडचणी

*स्थानिक लोक आभार मानत नाहीत.* हे सर्वत्र होते. राज्यकर्त्याने त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या शास्त्रांत रस घ्यावा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना पंडित म्हणत. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ते विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाला आले, आणि अनंत कान्हेऱ्याने त्यांना गोळी घातली. अठरा वर्षांच्या आसपासचे पोर. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला फाशी झाली. संस्कृत आले म्हणून राज्य पचतेच असे नाही.

*स्थानिक लोक कविता छापतात.* भगूरच्या सावरकरांपैकी थोरले, बाबाराव, यांना १९०९ मध्ये याच कारणासाठी जन्मठेप झाली आणि अंदमानला पाठवण्यात आले. आमच्या शास्त्राने समुद्र ओलांडायला बंदी घातली होती. साम्राज्याने ती सरकारी खर्चाने मोडून दाखवली.

*सद्सद्विवेकबुद्धी त्रास देते.* दिवसातून दोनदा भूगोलाचे पुस्तक वाचावे.

पाठ शेवटचा: पैसा

हा पाठ आनंदवल्लीला घ्यावा. गंगापूर रोडने जाताना आज फ्लॅटच्या जाहिराती दिसतात, पुढे द्राक्षमळे आणि वायनरी. पण हे गाव राघोबादादांनी बायकोच्या नावाने वसवले. पुण्यात त्यांचे फारसे जमत नसे. इथे त्यांचा मुक्काम असे.

१७५८ च्या एप्रिलात हेच राघोबा लाहोरात शिरले आणि मराठी फौजा अटकेला पोचल्या. अटकेपार झेंडे लावल्याचे आपण आजही क्रिकेटपासून कुस्तीपर्यंत सगळ्यांना सांगतो. त्या स्वारीतून ते घरी काय घेऊन आले, हे मात्र सहसा सांगत नाही. ते कर्ज घेऊन आले. इतिहासकार आकडा ऐंशी लाखांच्या घरातला देतात. मुलूख जिंकला तो इतका लांब की तिथला वसूल पुण्यापर्यंत पोचेना, आणि शिपायांचा पगार मात्र दर महिन्याला पोचवावा लागे. हिशेब बघून सदाशिवरावभाऊ चिडले, पुढच्या मोहिमेवर ते स्वतः गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले.

आनंदवल्लीहून त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की गंगापूर. तिथे नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई येऊन राहिल्या. थोरला विश्वासराव पानिपतावर गेला. मधला माधवराव १७७२ मध्ये क्षयाने. धाकट्या नारायणरावाचा पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात खून झाला, आणि त्याबद्दल बोट दाखवले गेले ते आनंदवल्लीच्या घराकडे. अटकेचा मानकरी आणि त्या मानाची किंमत मोजलेली आई, दोघे एकाच नदीच्या काठी, काही मैलांच्या अंतराने राहत होती. गोपिकाबाईंचा शेवट १७८८ मध्ये नाशकातच झाला. साम्राज्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजू पाहायची असेल तर दिल्लीला जाऊ नये, गंगापूरला जावे.

राघोबांचे पुढे काय झाले? १७६८ मध्ये ते पुतण्या माधवरावाविरुद्ध उठले आणि याच जिल्ह्यातल्या धोडपला हरले. मग १७७५ मध्ये पेशवाई मिळवण्यासाठी सुरतेला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार माणसे द्यायची. त्यांच्या खर्चापोटी राघोबांनी महिना दीड लाख द्यायचे, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे, शिवाय साष्टी आणि वसई द्यायची. म्हणजे काकांनी घंटांसकट जिंकलेली वसई पुतण्याने भाड्याच्या फौजेसाठी लिहून दिली. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव याने १८०२ मध्ये वसईलाच तह केला: सहा हजारांची तैनाती फौज घ्यायची आणि तिच्यासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. त्याच फौजेने सोळा वर्षांनी त्याला ब्रह्मावर्ताला पोचवले.

उमेदवाराने इथे थांबून दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. राघोबांनी परमुलूख जिंकला आणि त्याचा खर्च स्वतःच्या घरावर टाकला. कंपनीने आमचा मुलूख जिंकला आणि जिंकण्याचा खर्च आमच्यावर टाकला. शौर्यात फरक नव्हता; राघोबांचे घोडेस्वार कुठल्याही गोऱ्या पलटणीपेक्षा लांब गेले होते. फरक कर्जखत कुणाच्या नावाने होते एवढाच.

त्याचा शेवटही कागदोपत्री आहे. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद केला, पण तिच्या भागधारकांना वर्षाला साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याची हमी दिली. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच खात्यावर पडला. पुढच्या वर्षी कंपनीचे राज्य गेले. लाभांश चालू राहिला. १८७४ मध्ये तो एकदाचा बंद झाला, तेव्हा शंभर पौंडांच्या भागाचे दोनशे पौंड देऊन. तोपर्यंत निफाड आणि सिन्नरच्या शेतसाऱ्यातला वाटा लंडनच्या भागधारकांकडे दरसाल जात होता.

अर्ज भरताना प्रवेशशुल्काच्या रकान्यात रक्कम लिहू नये. ते शुल्क कुठल्या गावाकडून वसूल करायचे, त्या गावाचे नाव, तालुका आणि जिल्हा तेवढा स्पष्ट अक्षरात लिहावा.